नागपुरात नवे आलात? पोळ्यापासून मंडईपर्यंत कुठे जायचं आणि कसं जायचं

जून-जुलैत नोकरीच्या, शिक्षणाच्या निमित्तानं पुण्या-मुंबईकडून, कोल्हापूर-नाशिककडून नागपुरात आलेल्या माणसाला पहिले दोन महिने शहर फारसं कळत नाही. मिहानच्या कंपन्यांत कामाला जायचं, संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदी करायची, रविवारी फुटाळा तलावावर चक्कर मारायची, एवढंच. मग श्रावण संपत येतो आणि एकामागून एक सण सुरू होतात ते थेट कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबत नाहीत. पंचांग शरद ऋतूला आश्विन आणि कार्तिक हे दोनच महिने देतं. नागपूरकराचा शरद मात्र पोळ्यालाच सुरू होतो.

हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. मूळ मुद्दा आधीच सांगतो. इथला जवळजवळ प्रत्येक सण कुठल्यातरी वस्तीचा, कुठल्यातरी समाजाचा आहे. मारबत इतवारीची, हाडपक्या गणपती महाल या जुन्या वस्तीतला, दीक्षाभूमी बौद्ध बांधवांची, गायगोधन गोवाऱ्यांचं. सण कुणाचा आहे ते आधी विचारून घ्या, मग त्यांच्या रीतीनं त्यात सामील व्हा. नागपूरकर नव्या माणसाला आत घ्यायला एका पायावर तयार असतो, पण विचारायला तुम्ही जायचं.

आधी भिंतीवर कॅलेंडर लावा

मोबाइलमधलं कॅलेंडर पुरणार नाही. तिथी, नक्षत्र दाखवणारं मराठी कॅलेंडर घ्या. तारखा दरवर्षी हलतात आणि कधी कधी बऱ्याच हलतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये तो २० ऑक्टोबरला येतो, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ महिना आहे. "मागच्या वर्षी याच आठवड्यात होता" या हिशोबानं रजा टाकली की सण हातचा जातो.

दुसरी गोष्ट नागपुरात विशेष लागू पडते. तुमचे निम्मे शेजारी हिंदी बोलणारे असतील. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. लक्ष्मीपूजन आपल्याकडे आश्विन अमावास्येला, त्यांच्याकडे कार्तिक अमावास्येला. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. शेजारच्या भाभी "कार्तिक लग गया" म्हणाल्या आणि तुमच्या कॅलेंडरात अजून आश्विन असला, तरी चूक कुणाचीच नाही.

कॅलेंडर लावून झालं की दोन दिवसांभोवती खूण करून ठेवा, पोळ्याचा दुसरा दिवस आणि दसरा. या दोन दिवशी शहरात गाडी घेऊन निघणं म्हणजे अडकणं.

पोळा, तान्हा पोळा आणि मारबत

पोळा श्रावण अमावास्येला. बैल वर्षभर राबतो, त्याचा हा विश्रांतीचा आणि मानाचा दिवस. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात आणि त्याला आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पाहायचा असेल तर शहराबाहेर जा. हिंगणा, कामठी, मौदा, उमरेड, कुठल्याही बाजूनं थोडं आत गेलात की गाव लागतं. ऑफिसात एखादा सहकारी गावाकडचा असतोच, त्याला विचारा, तो नेईल. दुपार कलली की शिंगं रंगवलेले, झूल पांघरलेले बैल तोरणाखाली रांगेत उभे राहतात आणि माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमकात बांधलेली चार-सहा ओळींची हाक. त्यात महादेव-पार्वती येतात, कापसाचा भावही येतो आणि न पिकलेलं शेतही. शेतकऱ्याचं त्या वर्षीचं दुखणं काय आहे, हे वर्तमानपत्रापेक्षा तिथं लवकर कळतं. तोरण तुटलं की बैल घराकडे निघतात. त्या वाटेत उभं राहू नका, लहान मुलं तर मुळीच नकोत.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हा मुलांचा. लाकडाचे नंदीबैल, चाकं लावलेले, काही मुठीत मावतील एवढे, काही मुलापेक्षा उंच. शेतीशी संबंध नसलेल्या शहरी मुलांनाही बैलाची ओळख राहावी म्हणून दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं नागपुरात सांगतात. संध्याकाळी मुलं नटूनथटून बैल ओढत दारोदार येतात. त्यांना बोजारा द्यायचा असतो, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि दारात पोरं उभी असताना त्याची धांदल उडते. तेव्हा सकाळीच दहा-दहाची नाणी, नोटा, चॉकलेटं काढून ठेवा. आधी नंदीला हळदकुंकू लावा, मग मुलाच्या हातात बोजारा. घरी मूल असेल तर त्याच्यासाठी नंदी आठवडाभर आधीच घ्या, शेवटच्या दिवशी चांगले उरत नाहीत.

आणि त्याच दिवशी सकाळी मारबत. जगात कुठेही जा, ही मिरवणूक नागपूरशिवाय दिसणार नाही. कागद, कापड, बांबूच्या मोठ्या बायकी पुतळ्या, एक काळी, एक पिवळी. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मानतात. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची. काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातल्या बांकाबाईंशी जोडतात. त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, हा राग लोकांनी असा काढला, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीकत. त्याखाली आणखी जुनी समजूत आहे. पावसाळ्यात रोगराई येते, ती गावाबाहेर हाकलायची. खेड्यांत आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्या शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि ओरडतात, "इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" तीच आरोळी इतवारीत हजारोंच्या तोंडी ऐकू येते.

मारबतींच्या मागे बडगे निघतात. बडग्या म्हणजे पुरुषी पुतळा, त्या वर्षी लोकांना ज्याचा संताप आला त्याचा. महागाई, भ्रष्टाचार, एखादा देश, एखादा बदनाम पुढारी, खड्डे. कुठलीही भीड न ठेवता लिहिलेल्या पाट्या असतात. शेवटी सगळं जाळतात.

जायचं कसं? बहुतेक वर्षी नागपूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, म्हणून गर्दी फार. गाडी घरीच ठेवा. मेट्रोच्या अॅक्वा मार्गावर अग्रसेन चौक किंवा चितार ओळ चौक स्थानकावर उतरा आणि इतवारीकडे चालत जा. सकाळी लवकर पोचा. गुलाल, रंग, घाम सगळं अंगावर येतं, तेव्हा जुने कपडे आणि पायात घट्ट बूट. ढोलताशांचा दणका मोठा असतो, तान्ह्या बाळाला नेऊ नका. आणि जागा शोधताना ओळखीच्या माणसाच्या घराचा सज्जा मिळाला तर उत्तम. इतवारीतली जुनी घरं त्या दिवशी पाहुण्यांनी भरलेली असतात. "काकू, वर येऊ का?" असं विचारलं तरी बहुतेक "या जी, या" असंच उत्तर येतं.

महालक्ष्म्यांचं जेवण चुकवू नका

भाद्रपदात गणपती येतो. त्याबद्दल महाराष्ट्रातल्या माणसाला नव्यानं काही सांगायला नको. फक्त मूर्ती घ्यायला चितार ओळीत जा. मूर्तिकारांची ही जुनी वस्ती आहे, मूर्तीला रंग चढताना तिथं बघता येतं आणि मातीची मूर्ती हवी असेल तर कारागिरालाच सांगता येतं.

गणपतीच्या दिवसांत ज्या गौरी येतात, त्यांना विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. अनुराधा नक्षत्रावर त्यांना आणतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि जेवण, मूळ नक्षत्रावर निरोप. तुमच्या सोसायटीत दोन-तीन घरी तरी महालक्ष्म्या बसतातच आणि जेवणाचं बोलावणं येतं. नवे लोक इथं संकोचतात. एवढी ओळख नाही, काय जायचं, असं त्यांना वाटतं. जा. महालक्ष्म्यांच्या प्रसादाला बोलावलेला माणूस आला नाही तर घरच्यांना खरोखर लागतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गाठून विचारतील, "काहून आले नाई जी?"

ताट असं असतं: पुरणाची पोळी, त्यावर तुपाची धार, सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, ज्वारीची आंबील, कढी, भजी, वडे, चटणी-कोशिंबीर, भात-वरण. आंबील पहिल्यांदा खाणाऱ्याला आंबटसर आणि वेगळी लागते. थोडी मागून घ्या, पण ताटात उरवू नका. पुढ्यात काय आलं ते वाढणाऱ्या वहिनींना विचारा, त्या आनंदानं एकेक पदार्थ सांगतात. पंगत उशिरा बसते, कधी कधी तीन-चार वाजतात, म्हणून सकाळी काहीतरी पोटात घालून ठेवा. जाताना ओटीचं सामान किंवा फुलं, फळं न्या. फुलं बर्डीच्या नेताजी मार्केटमध्ये मिळतात. आधी देवीसमोर बसून हात जोडा, मग जेवायला. घाईत येऊन जेवून निघून जाणं बरं दिसत नाही.

गणपती विसर्जन झालं, पितृपक्ष लागला की बाकी महाराष्ट्रात मंगलकार्यं थांबतात. नागपुरात तेव्हाच महालात भोसल्यांच्या वाड्यात गणपती बसतो. हा हाडपक्या गणपती, यालाच मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. भोसले घराण्यातले चिमणाबापू मोहिमेवरून परतले तेव्हा घरचा गणपती उठून गेला होता, म्हणून पितृपक्षात पुन्हा मूर्ती बसवली, अशी आख्यायिका. वाड्यात दर्शनाला जाता येतं. महालाच्या गल्ल्या अरुंद आहेत, तेव्हा चालतच जा.

भुलाबाई आणि घट

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, मातीची जोडी, जवळ लहानसा गणपती. ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव करतात. संध्याकाळी मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. सासर-माहेर, सासूचा जाच, भावाची वाट, सगळं त्या गाण्यांत आहे. गाणी झाली की खिरापत. ती झाकलेली असते आणि बाकीच्यांनी ओळखायची. गोड की तिखट, किती अक्षरी, कशात तळली, असे प्रश्न विचारून विचारून शेवटी नाव निघतं.

शहरात भुलाबाई कमी होत चालली आहे, हे मला मनापासून लागतं. फ्लॅटमध्ये धांडे कुठून आणायचे, इथपासून अडचण सुरू होते. तुमच्या घरी मुलगी असेल तर यंदा बसवाच. मूर्ती चितार ओळीत मिळते, धांडे खेड्यातून येणाऱ्या भाजीवाल्या मावशीला आधी सांगितलं तर ती आणून देते, आणि गाणी सोसायटीतल्या आजीला पाठ असतात. तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं. चार घरच्या मुली एकत्र केल्या तर रोज वेगळ्या घरी खिरापत ठेवता येते आणि कुणा एकीवर भार पडत नाही.

नवरात्रात नागपूरकर कोराडीला जातो. शहराच्या उत्तरेला, वीज केंद्राच्या बाजूला, महालक्ष्मी जगदंबेचं हे देऊळ. शहरात गणेशपेठेजवळ आग्याराम देवी. दोन्हीकडे भाविकांच्या नावाच्या अखंड ज्योती लावलेल्या असतात, नऊ दिवस शेकडो दिवे एका जागी तेवतात. ज्योत लावायची असेल तर नाव आधी नोंदवावं लागतं. पहाटे चालत कोराडीला जाणारे खूप, त्यांच्याबरोबर निघायचं असेल तर बॅटरी आणि पाणी जवळ ठेवा.

बंगाली दुर्गापूजा बघायला धंतोलीत जा. बंगाल-नागपूर रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, तिच्याबरोबर बंगाली कुटुंबं आली आणि पूजाही रुजली. अष्टमीच्या दुपारी खिचडीचा भोग मिळतो.

दसरा: एकाच दिवशी अनेक उत्सव

या दिवसासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्या माणसाची सर्वांत जास्त गडबड इथंच होते.

घरगुती दसरा सगळीकडचा. शस्त्रांची, अवजारांची, वह्यापुस्तकांची, गाड्यांची पूजा, झेंडूची तोरणं, संध्याकाळी सोनं. सोन्याची गोष्ट कौत्साची. वरतंतू ऋषींनी शिष्य कौत्साकडे चौदा विद्यांसाठी चौदा कोटी मोहरा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. राजानं यज्ञात सगळं दान केलेलं, म्हणून तो कुबेरावर चालून जायला निघाला आणि कुबेरानं रातोरात आपट्याच्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला. कौत्सानं हव्या तेवढ्या घेतल्या, उरलेल्या लोकांनी लुटल्या. म्हणून आपट्याचं पान.

बाजारात मात्र आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकतात. हातात घेऊन बघा. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि खरखरीत असतं. कांचनाचं मोठं आणि मऊ. दोन्हींना मध्ये खाच असते, म्हणून फसायला होतं. आणि फांद्याच्या फांद्या घेऊ नका. दसऱ्यासाठी झाडं अक्षरशः ओरबाडली जातात. प्रत्येक घरी एक पान पुरतं. मोठ्यांच्या हातात पान देऊन पाया पडायचं, बरोबरीच्यांना "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणायचं. नागपुरात हे संध्याकाळचं हिंडणं अजून टिकून आहे, तेव्हा तुम्हीही मजल्यावरच्या प्रत्येक घरी जा. त्या एका संध्याकाळीत जेवढ्या ओळखी होतात, तेवढ्या वर्षभरात होत नाहीत. घरी चिवडा, पेढे तयार ठेवा, कारण तेही येणार.

सकाळी रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा विजयादशमी उत्सव असतो. संघाची स्थापना डॉ. केशव बळीराम हेडगेवारांनी १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात केली. पथसंचलन, शस्त्रपूजन आणि सरसंघचालकांचं भाषण हा क्रम. त्या भागातले रस्ते सकाळी बंद असतात.

आणि दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी अशोक विजयादशमीच्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्नी माईसाहेबांसह भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून त्रिशरण आणि पंचशील घेऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. १९३५ मध्ये येवल्याला "हिंदू म्हणून मरणार नाही" असं ते म्हणाले होते, त्याची पूर्तता इथं झाली. सम्राट अशोकानं याच तिथीला धम्माचा मार्ग धरला अशी बौद्ध परंपरा, म्हणून अशोक विजयादशमी. नागपूरच का, याचं उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात दिलं. भारतात बौद्ध धम्म पसरवण्याचं मोठं काम नाग लोकांनी केलं, त्यांची वस्ती या भागात होती, म्हणून ही भूमी. संघामुळे नागपूर निवडलं, हा तर्क त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट नाकारला.

दरवर्षी या दिवसांत देशभरातून लाखो लोक येतात. रेल्वेनं, बसनं, ट्रकनं, काही पायी. पांढरे कपडे, डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल. रात्री उघड्यावर झोपतात, सकाळी स्तूपापुढे रांग लावतात. सांचीच्या धर्तीवर बांधलेला हा स्तूप २००१ मध्ये खुला झाला. आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. आवारातला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापुरच्या वृक्षाच्या रोपांपासून वाढलेला, रोपं भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणली. बावीस प्रतिज्ञा तिथं दगडात कोरलेल्या आहेत, सावकाश वाचा.

दीक्षाभूमीला जाताना हे लक्षात असू द्या. ही जत्रा नाही. लोकांसाठी ही माणूसपण परत मिळाल्याची जागा आहे. भेटणाऱ्याला "जय भीम" म्हणा. पांढरे किंवा साधे कपडे घाला. झोपलेल्या, जेवणाऱ्या माणसांचे फोटो काढू नका, कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय नको. मेट्रोनं राहाटे कॉलनी स्थानकावर उतरून चालत जाता येतं, गाडी अजिबात नको. मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तकांसाठी पैसे न्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं लागतात आणि तिथली विक्री बघून कुठल्याही प्रकाशकाचे डोळे भरून यावेत. शेतमजूर बाई पदराच्या गाठीतून नोटा काढून मुलासाठी बाबासाहेबांचं चरित्र घेते. जाडजूड ग्रंथ हातात घेऊन माणसं भाव विचारतात, घासाघीस करतात आणि घेऊनच जातात. महाराष्ट्रात वाचक उरला नाही असं म्हणणाऱ्यानं त्या दिवशी तिथं एक तास उभं राहावं.

ठिकठिकाणी भोजनदान सुरू असतं. संस्था, बँकांचे कर्मचारी, मोहल्ल्यातले तरुण, कुणीही वाढत असतं. तुम्हाला काही करायचं असेल तर अशा एखाद्या मंडळात आधीच नाव द्या आणि तीन-चार तास पाणी वाटा. नव्या माणसानं या दिवशी शहराशी नातं जोडायचं तर याहून सरळ रस्ता नाही. शक्य असेल तर मुख्य गर्दीच्या आदल्या संध्याकाळीही एक फेरी करा, तेव्हा दूरवरून आलेल्या लोकांशी निवांत बोलता येतं. १४ ऑक्टोबरलाही वेगळी गर्दी असते. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारही अनेक जण याच फेरीत करतात.

संध्याकाळी कस्तुरचंद पार्कासारख्या मैदानांवर रावणदहन. हे मुलांना आवडतं, पण एक गोष्ट माहीत असू द्या. विदर्भातल्या गोंड समाजातले पुष्कळ लोक रावणाला आपला पूर्वज मानतात आणि दहनाला त्यांचा विरोध आहे. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच होता. शेजारी गोंड कुटुंब असेल तर "रावण जाळायला येता का?" असं सहज विचारू नका.

कोजागिरी

दसऱ्यानंतर पाच दिवसांनी. लक्ष्मी त्या रात्री हिंडते आणि कोण जागं आहे ते बघते, ही श्रद्धा. गच्चीवर दूध आटवतात, त्यात केशर, चारोळी, बदाम, वेलची. मोठं भांडं चंद्राखाली ठेवायचं, मग वाटायचं. आधी घरातल्या थोरल्या अपत्याला पाटावर बसवून ओवाळतात, वय कितीही असलं तरी. पन्नाशीचा थोरला मुलगा आईसमोर पाटावर बसतो. त्याच रात्री भुलाबाईचा निरोप. दुधासाठी सोसायटीत वर्गणी गोळा होते, ती पहिल्याच दिवशी द्या आणि दूध ढवळायला उभे राहा.

दिवाळी, नागपूरची

वसुबारस ते भाऊबीज सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. इथलं वेगळं तेवढं सांगतो.

लक्ष्मीपूजनाला नागपूरच्या घरांत मातीची ग्वालन लागते. रंगवलेली बाई, डोक्यावर आणि दोन्ही हातांत लहान पणत्या. त्या पणत्यांत तेलवात लावून तिला लक्ष्मीजवळ ठेवतात. सोबत साळीच्या लाह्या, बत्तासे, नवी केरसुणी. ग्वालन घेताना पणत्या नीट चिकटलेल्या आहेत का, बोट लावून बघा. रंगाच्या घाईत कच्च्या राहिलेल्या हातात घेताच सुटतात. पणत्या रस्त्याकडेला बसलेल्या कुंभाराकडून घ्या, आणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे तेल पीत नाहीत. खरेदी इतवारी-गांधीबागेत स्वस्त, बर्डीवर निवड जास्त, गोकुळपेठेत गर्दी कमी.

फराळाच्या ताटात चकली-अनारश्यांबरोबर संत्रा बर्फी ठेवा. आंबिया बहाराची संत्री याच सुमारास बाजारात येतात, सुरुवातीला आंबट, मग दिवसागणिक गोड. तळ्यांतले शिंगाडेही उकडून काळे पडलेले गाड्यांवर मिळतात, ते घ्याच.

पाडव्याला गावांत गायगोधन. गोवारी वर्षभर गावाची गुरं राखतात, हा त्यांचा सण. गाईंना रंगवतात, मोरपिसं बांधतात, ढालीची पूजा करतात आणि डफाच्या तालावर नाचत गुरं गावातून फिरवतात. नाचत दारी आलेल्यांना धान्य, पैसे, फराळ द्यायचा. नागपुरात झिरो माइलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला आदिवासी म्हणून मान्यता मागायला आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी गेले, बहुतेक बाया आणि मुलं. दिवाळीनंतरच्या त्या तारखेला समाजाचे लोक स्मारकावर येतात. गायगोधनात ज्यांच्याबरोबर नाचलात, त्यांच्याबरोबर तिथंही जाऊन फूल वाहा.

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी अंबाझरी तलावावर बिहार-उत्तर प्रदेशातली कुटुंबं छठपूजा करतात. संध्याकाळचं अर्घ्य मावळत्या सूर्याला, दुसऱ्या पहाटेचं उगवत्याला. ठेकुआचा प्रसाद मिळतो.

रामटेक आणि मंडई

कार्तिकी पौर्णिमेला शंकरानं त्रिपुरासुराला मारलं, म्हणून त्रिपुरी. नागपुरातून त्या रात्री रामटेकला जायचं, साधारण पन्नास किलोमीटर. गडमंदिराच्या शिखरावर त्रिपूर जाळतात, त्यासाठी मध्यरात्रीपर्यंत लोक गडावर थांबतात. खाली अंबाळा तलाव. पायऱ्यांनी चढा, आणि परतीची सोय जाण्याआधीच करून ठेवा. तोवर थंडी पडलेली असते. ऑक्टोबरचं ऊन अंगावर काढलेला नवा माणूस स्वेटर नेत नाही आणि गडावरच्या वाऱ्यात कुडकुडतो.

दिवाळीपासूनच पूर्व विदर्भात मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे पीक हाती आल्यावर भरणारा गावचा मेळा. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, लेकीबाळी माहेरी आलेल्या. रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं किंवा झाडीपट्टीचं नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर ही झाडीपट्टी, आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे नाटक मंडळ्यांचं मोठं केंद्र. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी असते, कॅलेंडरात ती सापडणार नाही, म्हणून भंडाऱ्याकडच्या ओळखीच्या माणसाला "तुमच्या गावची मंडई कधी जी?" असं विचारायचं. आमंत्रण तिथल्या तिथं मिळतं. नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा दुपारी झोपून घ्या, सोबत सतरंजी आणि शाल ठेवा, तिकीट घेताना पुढची रांग मागा. मुक्काम त्याच घरी करावा लागतो, नाही म्हटलं तर ते ऐकत नाहीत. सकाळी चहा-पोह्यांबरोबर रात्रीच्या नाटकावर सगळं घर बोलत असतं, त्यात तुमचंही मत विचारतील. कुणाचं काम आवडलं ते नाव घेऊन सांगा.